हयातीचा दाखला

आमच्या भागातील पेन्शनर संघाचा मी अध्यक्ष आहे. ही पदवी मी मिळवलेली नाही. ती माझ्यावर येऊन पडली. सहा वर्षांपूर्वी एका रविवारी मी सभेला जरा उशिरा पोचलो. सभा एका शाळेच्या वर्गात भरते. तिथली बाके तिसरीच्या मुलांच्या मापाची आहेत, त्यामुळे आमच्यापैकी प्रत्येकाचे गुडघे त्याच्या हनुवटीला टेकलेले असतात. मी पोचलो तेव्हा बाके भरली होती आणि खुर्ची तेवढी एक मोकळी होती. आधीचे अध्यक्ष मुलाकडे बंगलोरला कायमचे राहायला गेल्यामुळे ती रिकामी झाली होती, हे मला ठाऊक नव्हते. माझे गुडघे दुखत होते, म्हणून मी खुर्चीत बसलो. टाळ्या वाजल्या. तेव्हापासून मी अध्यक्ष आहे.

या पदाची कामे काय, असे कोणी विचारील. वर्षातून दोनदा, जानेवारीचा आणि जुलैचा महागाई दिलासा किती टक्क्यांनी वाढला, हे सभेत जाहीर करायचे. महागाई वाढल्याची बातमी ऐकून टाळ्या वाजवणारी माणसे तुम्हाला आमच्या सभेखेरीज कुठे सापडायची नाहीत. ज्यांना ८० वर्षे पूर्ण झाली त्यांचा शाल आणि नारळ देऊन सत्कार करायचा. केंद्र सरकारच्या पेन्शनरांना त्या वयापासून मूळ पेन्शनच्या वीस टक्के जास्त मिळतात, ८५ ला तीस, ९० ला चाळीस, ९५ ला पन्नास, आणि शंभरी गाठली तर मूळ पेन्शन दुप्पट होते. आमचे एक सभासद ९६ वर्षांचे आहेत. त्यांच्या सुनेने त्यांना जिलबी खाण्यास बंदी केली, तेव्हा ते म्हणाले, "बरोबर आहे तिचे. आता चार वर्षांसाठी धोका कशाला पत्करायचा?"

कोणी गेला तर दोन मिनिटे उभे राहायचे, हेही माझ्याच कामांपैकी. अलीकडे हे उभे राहणे वाढले आहे. गुडघ्यांची तक्रार असलेले लोकसुद्धा त्या दोन मिनिटांत बसत नाहीत.

डिसेंबरच्या १७ तारखेला आम्ही पेन्शनर दिन साजरा करतो. त्या दिवशी चहाबरोबर बटाटेवडा असतो आणि माझे भाषण असते. वडा आधी दिला तर भाषणाला कोणी थांबत नाही, म्हणून भाषण आधी ठेवले आहे. भाषण दरवर्षी तेच असते, पण मला ते करताना दरवर्षी बरे वाटते. १७ डिसेंबर १९८२ या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्याचा निकाल दिला. डी. एस. नकारा हे १९७२ साली संरक्षण खात्याच्या हिशेब विभागाकडून निवृत्त झालेले अधिकारी. सरकारने १९७९ साली पेन्शनचे गणित सुधारले, पण ३१ मार्च १९७९ रोजी किंवा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांपुरतेच. त्याच्या आदल्या दिवशी घरी गेलेला मनुष्य म्हातारपणी कमी जेवतो की काय, असा तो प्रश्न होता. नकारांच्या बरोबर 'कॉमन कॉज' या संस्थेचे एच. डी. शौरीही न्यायालयात गेले. पाच न्यायमूर्तींपुढे सुनावणी झाली, आणि सरन्यायाधीश होते आमच्या पुण्यात जन्मलेले यशवंत विष्णु चंद्रचूड. पेन्शन ही सरकारने मेहरबानी म्हणून टाकलेली भिक्षा नव्हे, आधी केलेल्या सेवेचे ते देणे आहे, असा त्या निकालाचा आशय. हे वाक्य मी मोठ्याने म्हणतो. मागच्या बाकावरून कोणीतरी "वा!" म्हणतो. मग वडे येतात.

एवढे सगळे मी सांगितले ते फुशारकीसाठी नव्हे. पुढे जी फजिती सांगायची आहे, ती कोणत्या मनुष्याची झाली हे कळावे, म्हणून सांगितले.

आमचा खरा सण नोव्हेंबरात असतो. दिवाळीचा फराळ संपत आला की पेन्शनराला आपण जिवंत आहोत हे सरकारला कळवावे लागते. पूर्वी त्यासाठी बँकेत समक्ष जाऊन उभे राहावे लागे. त्या रांगेत एक गंमत असे. वर्षभर न भेटलेले सगळे भेटत, आणि कोण आला नाही हेही तिथेच कळे. २०१४ च्या नोव्हेंबरापासून हा दाखला आधारवरून आणि बोटाच्या ठशावरून देता येऊ लागला. सोय झाली खरी. परंतु जन्मभर भांडी घासलेल्या, कणीक तिंबलेल्या आमच्या भगिनींच्या बोटांवर ठसेच उरलेले नसतात, हे यंत्राला कोणी सांगितले नव्हते. एका आजींची दहाही बोटे यंत्राने नाकारली. त्या शांतपणे म्हणाल्या, "झिजली रे बाबा घरासाठी. तुला काय दाखवू?" पुढे २०२१ पासून चेहऱ्यावरून दाखला देण्याची सोय झाली. मोबाइल समोर धरायचा आणि त्याने सांगितले की डोळ्यांची उघडझाप करायची. आमच्या संघात हे काम मी आणि चिटणीस मिळून करतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले एक सभासद डोळे मिटत ते उघडतच नसत. तिसऱ्या वेळी घोरण्याचा आवाज आला.

तर या दाखल्यांच्या निमित्ताने आमच्या घरी माणसांची ये-जा असते. ही चहा करते. आमच्या पिढीच्या रीतीप्रमाणे पत्नीला 'ही' म्हणण्यात मला काही वावगे वाटत नाही, पण या लेखात त्या 'ही'चीच गोष्ट आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

गेल्या श्रावणात आमच्या एका दिवंगत सभासदांच्या पत्नी आमच्याकडे आल्या. यजमान जाऊन सात महिने झाले होते आणि कुटुंबनिवृत्तिवेतन सुरू झाले नव्हते. त्यांचे नाव पेन्शनच्या आदेशात एका तऱ्हेने लिहिलेले, बँकेत दुसऱ्या तऱ्हेने, आणि जन्मतारखेत दोन वर्षांचा फरक. पिशवीत वीस कागद होते, त्यातले एकही दुसऱ्याशी जुळत नव्हते. मी चष्मा लावला आणि अध्यक्षाला शोभेल अशा आवाजात म्हटले, "वहिनी, हे सगळे भाऊसाहेबांनी हयातीत करून ठेवायला हवे होते."

त्या म्हणाल्या, "हो ना. पण ते असताना मी तरी कुठे विचारले?" मग थोडे थांबून म्हणाल्या, "मुलगे चांगले आहेत हो माझे. काही कमी करीत नाहीत. पण भाजीला पैसे मागावे लागतात. सून विचारीत नाही कशाला हवेत म्हणून. मीच सांगत बसते."

ही चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ट्रे खाली ठेवायला तिला जरा वेळच लागला.

त्या महिन्याच्या सभेत मी भाषण केले. तोवर कधी केले नव्हते असे चांगले भाषण झाले. मी म्हणालो, मंडळी, आपल्याकडे १९६४ सालापासून कुटुंबनिवृत्तिवेतनाची योजना आहे, पण योजना असून उपयोग काय? आपल्यामागे आपल्या पत्नीला शेवटच्या पगाराच्या तीस टक्के मिळायचे आहेत. आपल्याला मिळतात त्याच्या ते पाचातले तीन. ते तीन तरी तिला सुखाने मिळू द्या. पेन्शनचा आदेश कपाटातून काढा, त्यावर तिचे नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे का पाहा, आधारशी ताडून पाहा, बँकेचे खाते दोघांच्या नावावर आहे का पाहा. आणि मुख्य म्हणजे ते कागद कुठे आहेत हे तिला सांगून ठेवा! टाळ्या झाल्या. पुढच्या सभेत नमुन्यादाखल माझाच आदेश आणून दाखवीन, असेही मी उत्साहाच्या भरात जाहीर केले.

मी केंद्र सरकारच्या एका खात्यात छत्तीस वर्षे हिशेबनीस होतो. दुसऱ्यांच्या वहीतली पैची चूक मला शेजारच्या टेबलावरून दिसे. २०११ साली निवृत्त झालो त्या दिवशी हा आदेश हातात पडला, तो मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवला. रक्कम बरोबर आहे एवढे पाहिले होते. बाकी पाहण्यासारखे काय असणार?

ट्रंक काढली, धूळ झटकली, पिशवी उघडली. ही शेजारी बसून गवार मोडत होती. मी म्हटले, "हे बघ, हा कागद नीट पाहून ठेव. मी गेल्यावर हाच तुझा आधार." तिने हात पुसले, माझाच चष्मा घेतला आणि कागद वाचला. बराच वेळ वाचला. मग बोट ठेवून विचारले, "ही कोण?"

आदेशावर आम्हा दोघांचा फोटो होता. फोटोत तीच होती. खाली पत्नीचे नाव म्हणून जे लिहिले होते, ते तिचे नाव नव्हते.

आता इथे एक अडचण आहे. या लेखात नावे छापायची नाहीत, अशी तिची सक्त ताकीद आहे. तेव्हा एवढेच सांगतो की तिचे माहेरचे नाव एका फुलाचे होते आणि सासरचे नाव एका नदीचे आहे. १९७७ साली आमचे लग्न झाले. रिवाजाप्रमाणे ताटात तांदूळ पसरले होते; त्यात मी अंगठीने नदीचे नाव लिहिले. नाव माझ्या थोरल्या आत्याने सुचवले होते. मला ते आवडले की नाही, हेही मला आठवत नाही. तिला आवडले की नाही, हे कोणी विचारल्याचे तर मुळीच आठवत नाही. रेशनकार्ड, मतदार यादी, बँकेचे पुस्तक, आधार, सगळीकडे नदी आहे.

मग आदेशावर फूल कसे आले? पुष्कळ विचार केल्यावर उलगडा झाला. लग्नानंतर कचेरीत कुटुंबाचा तपशील भरून द्यायचा होता. पत्नीच्या जन्मतारखेचा पुरावा म्हणून मी तिचा शाळेचा दाखला नेला. कारकून म्हणाला, दाखल्यावर आहे तेच नाव लिहा, पुढे बदलून घेता येईल. मी लिहिले. ते 'पुढे' कधी आलेच नाही. निवृत्तीच्या वेळी जुन्या कागदावरून नवा कागद झाला, आणि जिथे जिथे पेन्सिलीची फुली होती तिथे तिथे मी सही केली. म्हणजे सरकारदरबारी माझे लग्न एका फुलाशी झालेले होते, आणि जी नदी जवळजवळ पन्नास वर्षे माझ्या घरात राबत होती, तिच्याशी सरकारचा काही संबंध नव्हता.

मला वाटले, आता ही चिडेल. चिडली असती तर बरे झाले असते; रागाची मला सवय आहे. ती म्हणाली, "म्हणजे त्या वहिनींसारखी मीही पिशवी घेऊन फिरले असते." एवढेच. आणि पुन्हा गवार मोडू लागली.

त्या रात्री मला झोप आली नाही. सभेत मी केवढ्या तावातावाने बोललो होतो! शंभर घरांतली कपाटे उघडायला लावणारा मी, स्वतःची ट्रंक चौदा वर्षे उघडली नव्हती. माझ्यामागे तिचे काय होईल ही काळजी मला नव्हती असे नाही. पण ती काळजी मी मनातल्या मनात करीत होतो. मनातल्या काळजीवर बँक पैसे देत नाही.

सकाळी मी चहाच्या वेळी म्हटले, "सोपे आहे. प्रतिज्ञापत्र करू, कचेरीला अर्ज देऊ आणि फुलाचे नाव काढून नदीचे घालून घेऊ."

ती म्हणाली, "काढून?"

मी म्हटले, "मग? चूक आहे ती."

"चूक कशी? ते माझेच नाव आहे."

मग ती बोलली. इतक्या वर्षांत या विषयावर ती पहिल्यांदाच बोलली, आणि आवाज न चढवता बोलली. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी नव्या नावाने हाक मारली, तेव्हा ती ओ देईना. सासूबाईंना वाटले, सून शिष्ट आहे. तिला खरोखरच कळले नव्हते की हाक आपल्याला आहे. पुढे सवय झाली. माहेरी गेली की जुने नाव चार दिवस परत मिळे. आई-वडील होते तोवर ते दोघे म्हणत, मग एकटा भाऊ म्हणे. भाऊ २०२१ साली कोरोनात गेला. फोनवरचे त्याचे शेवटचे शब्द म्हणजे तिचे नावच होते. तो धाप लागून पुढचे बोलू शकला नाही. "त्याच्यानंतर मला त्या नावाने हाक मारणारे कोणी उरलेले नाही," ती म्हणाली, "आणि काल तुमच्या सरकारी कागदावर ते दिसले. मला वाटले, बरे झाले, कुठेतरी लिहून ठेवलेले आहे."

मी बशीतला चहा बशीतच ठेवला. लग्नात नाव घेण्याचा उखाणा मी तोंडपाठ केला होता, तो नदीच्या नावाचा होता. फुलाचे नाव मी आयुष्यात एकदाच लिहिले होते, तेही कारकुनाने सांगितले म्हणून.

शेवटी वकिलाकडे गेलो. वकील तरुण होते. त्यांनी मजकूर वाचून दाखवला, की पहिले नाव असलेली आणि दुसरे नाव असलेली या दोन्ही व्यक्ती एकच असून ती एकच व्यक्ती मी आहे, असे मी प्रतिज्ञेवर लिहून देते. ही म्हणाली, "दोन्ही नावे राहतील ना?" वकील म्हणाले, "राहतील. मध्ये 'उर्फ' घालू." ही म्हणाली, "मग आधी फुलाचे घाला. ते आधीचे आहे." वकिलांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "त्यांना विचारा. कागद त्यांचा आहे." सही करताना तिचा हात जरा अडखळला. कोणती सही करायची, हा प्रश्न होता. तिने दोन्ही केल्या.

प्रतिज्ञापत्र, शाळेचा दाखला, आधारची प्रत आणि दोघांचा नवा फोटो लावून अर्ज मी ज्या कचेरीतून निवृत्त झालो तिथे पाठवला आहे. तिथून तो लेखा कार्यालयात जाईल, तिथून सुधारलेला आदेश निघेल, आणि मग तो बँकेत पोचेल. या मार्गावरचे प्रत्येक टेबल मला ठाऊक आहे, कारण असल्याच एका टेबलामागे मी जन्म काढला. अर्जाच्या प्रती मी फाइलीत लावल्या. फाइल ट्रंकेत ठेवली नाही. देवघराच्या खालच्या कप्प्यात, जिथे ती रोज निरांजनाच्या वाती ठेवते, तिथे ठेवली आहे. कोणत्या कागदाचा काय उपयोग, हे तिने माझ्याकडून दोनदा वदवून घेतले आणि तिसऱ्यांदा मला म्हणून दाखवले. एका ठिकाणी माझीच चूक काढली.

पुढच्या सभेत मी कबूल केल्याप्रमाणे आदेश दाखवायला नेला. भाषण करण्याचे धाडस झाले नाही. घडले तसे सांगितले. हसतील असे वाटले होते. थोडे हसलेही. पण त्या महिन्यात सात सभासद आपापले आदेश घेऊन माझ्याकडे आले, आणि सातांतल्या पाचांत काही ना काही तफावत निघाली. एकाच्या पत्नीच्या जन्मतारखेच्या जागी लग्नाची तारीख होती. एकाचा आदेश सापडेना. तो पत्नीनेच काढून दिला. तिला दहा वर्षे ठाऊक होते तो कुठे आहे ते. यांनी विचारलेच नव्हते. सभेला आता सभासदांनी पत्नीसह यावे, असा ठराव झाला आहे. बाके अपुरी पडतात, म्हणून काही जण उभे राहतात. पुरुषच उभे राहतात, हेही नोंदवून ठेवतो.

यंदाही नोव्हेंबरात मी मोबाइलसमोर बसेन. तो ही धरील, कारण माझा हात कापतो. "डोळे मिचकवा," असे तो सांगेल, मी मिचकवीन, आणि मी जिवंत असल्याचे सरकारला कळेल. परवा हे सगळे ठरवीत असताना मी सहज तिला फुलाच्या नावाने हाक मारली. पन्नास वर्षांत पहिल्यांदाच. ती लगेच "ओ" म्हणाली. नवेपणी जशी अडखळली होती तशी अडखळली नाही. मग बाहेर येऊन जरा रागानेच म्हणाली, "आता उगीच रोज म्हणत बसू नका. सवय गेली आहे."

मी म्हटले, "बरे."

"आणि ऐका. तो सुधारलेला कागद अजून आलेला नाही."

"येईल. वेळ लागतो."

"लागू दे. पण तो येऊन मी वाचून पाहीपर्यंत तुम्ही कुठे जायचे नाही."

मी पेन्शनर संघाचा अध्यक्ष असलो, तरी या आदेशावर अपील कुठे करायचे असते ते मला ठाऊक नाही. तेव्हा मी तो मान्य केला आहे. तुम्हीही फराळाचे ताट बाजूला ठेवल्यावर एकदा आपली ट्रंक उघडून पाहा. चष्मा मात्र तिच्या हाती द्या.